पावसाचे आणे सांगा : मराठी न्यूज डेस्कवरच्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

ओळख नाही आपली म्हणून आधी सांगतो. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. घरी नऊ एकर कोरडवाहू, त्यातलं निम्मं बरड, आणि पोटापाण्यासाठी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. म्हणजे सकाळी पोरांना प्रोबॅबिलिटी शिकवायची आणि संध्याकाळी आबांच्या शेजारी बसून तुम्ही त्याच प्रोबॅबिलिटीचं काय केलंय ते टीव्हीवर बघायचं, असं बारा-तेरा वर्षं चाललंय. आता राहवेना म्हणून लिहितोय. पत्र आम्हालाच का, वेधशाळेला का नाही, असं विचाराल तर त्यांच्यासाठीही आहे थोडं पुढं, पण काय आहे, वेधशाळेचा कागद मी वाचतो, आबा वाचत नाहीत. आबा तुम्हाला बघतात.

मागच्या एका जुलैतली गोष्ट. सोयाबीन गुडघ्याला आलेलं, पानांवर अळी पडलेली, दुसऱ्या दिवशी फवारणी ठरलेली, गडी सांगून ठेवलेले. रात्री बातम्या लावल्या तर स्क्रीनवर लाल पट्टी, विजांचं ॲनिमेशन, लढाईच्या पिक्चरला असतं तसलं म्युझिक आणि खाली "मराठवाड्याला पाऊस झोडपून काढणार, पुढचे 48 तास महत्त्वाचे". आबा म्हणाले, गड्यांना फोन कर, नका येऊ म्हणावं, औषध धुऊन जाईल. मी मोबाइलवर वेधशाळेची पीडीएफ उघडली, त्यात इंग्रजीत एक ओळ होती, हेवी रेन लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस. बस, एवढंच. मी आबांना म्हटलं तसं काही लिहिलेलं नाहीये, फवारून घेऊ. आबा म्हणाले, टीव्हीवाले काय खोटं बोलतेत का? आता यावर मी काय बोलणार. गड्यांना नको सांगितलं. सहा दिवस थेंब नाही पडला आणि अळीनं पानांची चाळण केली.

तुम्ही म्हणाल वेधशाळा चुकली. नाही चुकली ना, तेच तर सांगायचंय.

वेधशाळेच्या त्या बुलेटिनांमध्ये अगदी शेवटी, जिथपर्यंत कुणी स्क्रोल करत नाही तिथं, एक छोटा तक्ता असतो. त्यात लिहिलेलं असतं की आम्ही अनलाइकली म्हटलं तर 25 टक्क्यांच्या आत समजा, लाइकली म्हटलं तर 25 ते 50, व्हेरी लाइकली म्हटलं तर 50 ते 75 आणि मोस्ट लाइकली म्हणजे 75 च्या वर. परत वाचा एकदा. वेधशाळेचं लाइकली म्हणजे 25 ते 50 टक्के. म्हणजे त्यांनी लाइकली लिहिलं तेव्हा त्यांच्याच हिशोबानं न पडण्याचा चान्स पडण्यापेक्षा जास्त होता! आणि हाच शब्द हवामान बदलावरचे मोठे रिपोर्ट काढणारी आयपीसीसी वापरते तेव्हा त्याचा अर्थ असतो 66 टक्क्यांच्या वर. शब्द एकच, दोन्हीकडं हवामानशास्त्रज्ञच, दोघांनीही आपापली व्याख्या तक्त्यात छापलेली, आणि दोन अर्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. मग तुमच्या डेस्कवर या दोन्हीचं मराठी काय होतं? शक्यता. अनलाइकली सोडलं तर सगळ्याचंच शक्यता. व्हेरी लाइकलीचं फार तर "दाट शक्यता". आणि ही शक्यता बातमीच्या आत, तिसऱ्या ओळीत. हेडिंगमध्ये तीही नाही, तिथं थेट बरसणार, कोसळणार, झोडपणार, धुमाकूळ घालणार. पावसाला क्रियापदं लावण्यात आपली मराठी फार श्रीमंत आहे, मान्य, पण म्हणून सगळी भविष्यकाळातच लावायची का?

आता दुसरा शब्द, आयसोलेटेड. त्याचं मराठी मात्र झकास आहे, "तुरळक ठिकाणी". लहानपणापासून रेडिओवर ऐकतोय, तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी. मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं की हे नुसतं बोलण्याच्या पद्धतीत असतं, निवेदकाच्या मर्जीनं. तसं नाहीये. याला पण आकडे आहेत. त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, 26 ते 50 टक्के असेल तर काही ठिकाणी, 51 ते 75 म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्याच्या वर बहुतांश. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तर भूगोलाचे सर सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे याची मला शंका आहे (राग मानू नका).

मुसळधारचंसुद्धा तेच. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की हेवी, 115.6 पासून व्हेरी हेवी आणि 204.5 पासून एक्स्ट्रीमली हेवी. तुमच्याकडं तिन्हींना मुसळधार चालतं आणि कधी कधी नुसत्या चांगल्या सरीलासुद्धा.

आणि हे तुरळक प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते मुंबईकरांना तरी सांगायला नको. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला 73. लोकलनं तासाभराचं अंतर. एका टोकाला माणसं बसच्या टपावर आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस. आता "मुंबईत पाऊस" या दोन शब्दांनी त्या दिवसाचं काय सांगितलं असतं? मग अख्खा मराठवाडा, आठ जिल्हे, त्याला तुम्ही एका क्रियापदात झोडपून काढता.

तर आता आमच्या त्या रात्रीचा हिशोब करू. लाइकली, म्हणजे जास्तीत जास्त निम्मा चान्स. आयसोलेटेड, म्हणजे पडलाच तर जास्तीत जास्त पाव भागात. निम्म्याचा पाव म्हणजे आठवा हिस्सा. माझे स्टॅटिस्टिक्सवाले मित्र मला लगेच धरतील की बाबा हे असे थेट गुणायचे आकडे नाहीत, ठिकाण आणि घटना यांचा संबंध वेगळा मांडावा लागतो वगैरे, बरोबर आहे, पण ढोबळमानानं आमच्या शेतावर मोठा पाऊस पडायचा चान्स आठात एक धरा, तोही वरच्या बाजूनं. आठात एक. यावर कुठला शेतकरी फवारणी थांबवेल? आणि टीव्हीवर मात्र झोडपून काढणार.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे, कारण एकदा एका पत्रकार मित्रानं तोंडावर दिलंय. "सर, लोकांना टक्के कळत नाहीत. लोकांना हो की नाही पाहिजे."

हे मी पण मानायचो हो. आमच्या गावचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मी रोज अंदाज मराठीत करून टाकतो, आणि सुरुवातीला टाकायचो "पावसाची शक्यता 35 टक्के". लोक अंगठा द्यायचे आणि खाली विचारायचे, सर म्हंजे पडंल का नाय? मग एक दिवस पारावर आमचे एक तात्या भेटले, वय पंचाहत्तरच्या पुढं, शाळा तिसरीपर्यंत. म्हणाले, मास्तर, तू ते टक्के-टक्के काय लिवतो ते पोराकडून वाचून घेतो मी, पण मला सांग, पस्तीस टक्के म्हंजे पाच-सहा आणे पाऊस नि दहा आणे कोरडं, असंच ना? मी दोन मिनिटं गप्पच. जुना रुपया सोळा आण्यांचा, आणि सोळाचा पस्तीस टक्के म्हणजे 5.6. म्हातारा तोंडी बोलून मोकळा झाला. मग म्हणाला, तसं लिव की मग.

त्या दिवसापासून ग्रुपवर आण्यात लिहितो. "उद्या चार आणे पाऊस, बारा आणे कोरडं." एकानंही परत विचारलं नाही की पडंल का नाय. उलट लोक आपापसात वाद घालायला लागले, की चार आण्यावर मी फवारतो, सहा असता तर थांबलो असतो, आणि दुसरा म्हणतो माझं औषध महागाचं आहे, मी तीन आण्यालाच थांबतो. मंडळी, हेच तर पाहिजे असतं! प्रत्येकाचं नुकसान वेगळं, प्रत्येकाचा खिसा वेगळा, तर एकाच अंदाजावर प्रत्येकाचा निर्णय वेगळा असणार. तुम्ही "झोडपणार" म्हणून सगळ्यांच्या वतीनं एकच निर्णय घेऊन टाकता.

आणि टक्के कळत नाहीत म्हणता त्या लोकांकडं याची भाषा आपल्या बापजाद्यांपासून आहे. एखादी गोष्ट पूर्ण खरी असली तर सोळा आणे खरी म्हणतो आपण. पिकाचा अंदाज आणेवारीत काढतो. सरकारी कागदावर ती कधीच पैसेवारी झाली, 50 पैशांच्या आत आली का बाहेर यावर गावाचं वर्षभराचं राजकारण चालतं, पण तोंडात अजून आणेवारीच. आणि त्या पैसेवारीची गंमत अशी की ती एकदा जाहीर होत नाही, तीनदा होते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नजरअंदाज म्हणजे नावातच सांगितलं की बाबांनो ही नुसती नजरेनं काढलेली आहे, बदलू शकते. सुधारित आली की कुणी बोंबलत नाही की तलाठ्यानं पलटी मारली. (आकडा कमी-जास्त केला म्हणून बोंबलतात, तो वेगळा विषय.) आता सांगा, महसूल खात्याला जे जमलं ते तुम्हाला का जमत नाही? वेधशाळेचा एप्रिलचा अंदाज हा नजरअंदाज असतो, मेच्या शेवटचा सुधारित. आणि तुमचं हेडिंग काय असतं? "वेधशाळेनं अंदाज बदलला", "वेधशाळेचं घूमजाव". अरे बदलणारच, नवीन माहिती आली की बदलायलाच पाहिजे, न बदलला तर काळजी करा.

एप्रिलवरून आठवलं, ते सरासरीचं प्रकरण. दरवर्षी एप्रिलच्या मध्याला तुमच्याकडं एक ठरलेली बातमी असते, यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस, शेतकऱ्यांना दिलासा, शेजारी हिरव्या शेताचा फोटो. 2024 चंच घ्या. आकडा होता 106 टक्के. हेडिंग होतं यंदा धो धो. आता त्या प्रेस रिलीजमध्ये अजून काय होतं? एक म्हणजे अधिक-उणे 5 टक्के, म्हणजे 101 ते 111 मधलं काहीही. दुसरं म्हणजे पाच खाने केलेले होते आणि प्रत्येक खान्याची शक्यता लिहिलेली होती. खूपच जास्त पावसाची 30 टक्के, सरासरीपेक्षा जास्तची 31, सरासरीइतक्याची 29, कमीची 8 आणि दुष्काळी तुटीची 2. म्हणजे सरासरीपेक्षा वर जायची शक्यता एकूण 61 टक्के, आण्यात सांगायचं तर पावणेदहा. एरवी कुठल्याही वर्षी, काहीच माहिती नसताना, ती सव्वापाच आणे धरतात. म्हणजे अंदाज चांगलाच होता, दमदार होता, पण सोळा आणे नव्हता. सहा-सव्वासहा आणे दुसरीकडं पण होते. त्या वर्षी शेवटी 108 टक्के झाला, छान झालं, पण म्हणून पावणेदहाचे सोळा करायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

आणि तिसरी गोष्ट जी सगळ्यात जास्त चावते, तो 106 देशाचा होता. जून ते सप्टेंबर, केरळपासून ईशान्येपर्यंत, सगळ्याचा मिळून एक आकडा, 87 सेंटिमीटरच्या सरासरीवर. त्यात धारूर कुठं आहे? जुलैची उघडीप कुठं आहे? वर्गाची सरासरी 60 मार्क आहे म्हणून तुमच्या पोराला 60 पडले असं कुठल्या पालकाला सांगून बघा.

2017 ला आमच्याकडं हेच झालं. एप्रिलमध्ये वेधशाळेनं 96 टक्के सांगितले, जूनमध्ये ते 98 केले, आणि वर्षअखेरीला देशाचा पाऊस भरला 95 टक्के. म्हणजे कागदावर बघाल तर वेधशाळा पास, अधिक-उण्याच्या मर्यादेच्या आतच आहे की. आणि आमच्याकडं मृगात झाला चांगला, लोकांनी तिफणी काढल्या, पेरलं, आणि मग जूनच्या शेवटापासून जो गायब झाला तो झालाच. मूग करपला, सोयाबीनचे कोंब माना टाकून बसले, दुबार पेरणीचं बियाणं घ्यायला लोक सोनं गहाण टाकायला लागले. जुलैमध्ये शेजारच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात वेधशाळेविरुद्धच तक्रार दिली, की तुमचे बियाणं आणि औषध कंपन्यांशी लागेबांधे आहेत, तुम्ही खोटा अंदाज देऊन आम्हाला पेरायला लावलं. तुम्ही ती बातमी चवीनं चालवलीत. मी पण तेव्हा हसलो होतो, की पोलीस आता काय पंचनामा करणार, ढगांचा जबाब घेणार का. पण नंतर विचार केला तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या माणसांना कुणीतरी सोळा आणे म्हणून सांगितलं होतं. वेधशाळेनं तर सांगितलं नव्हतं, मग मधल्या मधे आणे कुणी वाढवले? लागेबांधे वगैरे काही मला पटत नाही, पण फसवणूक झाल्याची भावना खरी होती, आणि त्या तक्रारीत आरोपींच्या यादीत तुमचं नाव नव्हतं हे तुमचं नशीब.

असंच एक प्रकरण इटलीत झालंय, ते तर कोर्टात खूप लांब गेलं. लाक्विला नावाचं डोंगरातलं शहर, 2009 च्या सुरुवातीला महिनोन्महिने छोटे छोटे धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. भूकंप कधी होणार हे सांगता येत नाही, मोठा होईलच असं नाही पण होणारच नाही असंही म्हणता येत नाही, असा शास्त्रज्ञांचा एकूण सूर, जो बरोबरच होता. पण त्याच्या आसपास टीव्हीवर बोलताना एका सरकारी अधिकाऱ्यानं सांगितलं की परिस्थिती चांगली आहे, छोट्या धक्क्यांतून ऊर्जा निघून जातेय, धोका नाही, आणि पत्रकारानं विचारलं मग निवांत वाईन प्यायची का, तर हो म्हणाले. 6 एप्रिलच्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला आणि तीनशेच्या वर माणसं गेली. तिथल्या जुन्या लोकांची पद्धत होती की धक्का बसला की रात्र बाहेर काढायची. काही घरांतले लोक टीव्हीवरचं ऐकून त्या रात्री घरातच झोपले, आणि त्यांच्या मागं राहिलेल्यांनी केस केली. 2012 ला सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाली की भूकंप ओळखला नाही म्हणून शास्त्रज्ञांना जेल. पण खटला त्याचा नव्हताच, खटला होता काय बोललं गेलं आणि कसं बोललं गेलं याचा. 2014 ला अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षं राहिली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काय खुपतं माहितीय का, बैठकीतला तो "पण". माहीत नाही, पण. टीव्हीवर येईपर्यंत तो पण गळून पडला. तुमच्याकडं बाइट एडिट करताना रोज हेच होतं. वेधशाळेचा माणूस सांगतो, पाऊस वाढण्याची चिन्हं आहेत, पण कमी दाबाचं क्षेत्र कुठं सरकतं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही स्वल्पविरामावर कात्री मारता.

उलटं पण होतं. निसर्ग वादळ आठवतंय ना, 3 जून 2020. दोन दिवस आधीपासून सगळे कॅमेरे मुंबईकडं लागलेले, गेटवे, वरळी, मरीन ड्राइव्ह. वादळ किनाऱ्याला लागलं ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला. आणि संध्याकाळी तुमची पट्टी काय, "मुंबई थोडक्यात बचावली", आणि खाली लोकांच्या कॉमेंटी, वेधशाळा परत तोंडावर आपटली. अरे कशी आपटली? वादळाच्या मार्गाचा तो नकाशा असतो ना पुढं पुढं रुंद होत जाणारा, तो रुंद पट्टा म्हणजेच अंदाज असतो, मधली रेघ नव्हे. श्रीवर्धन त्यात होतं. तिथल्या आणि दापोली-मंडणगडच्या लोकांच्या नारळी-पोफळीच्या बागा, ज्या उभ्या राहायला पिढ्या लागतात, त्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस लाइट नव्हती, मोबाइल नव्हते, आणि त्यांच्यापर्यंत कॅमेरे पोचायला वेळ लागला कारण सगळ्यांनी मधली रेघ धरून मुंबईत तळ ठोकलेला.

आता मी हे सगळं तुमच्यावर ढकलतोय असं वाटेल, तर वेधशाळेचं पण सांगतो. लाइकली म्हणजे 25 ते 50 ही व्याख्या ज्यानं केली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. साध्या माणसाच्या कानाला लाइकली म्हणजे बहुतेक होईल असं लागतं, त्यात तुम्ही निम्म्याच्या आतलं भरता आणि तक्ता पीडीएफच्या तळाला पुरता. रंगांचंही तसंच, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा, आणि हा रंग ठरवताना शक्यता किती आणि नुकसान किती दोन्ही बघतात. म्हणजे रेड अलर्ट दिला आणि पाऊस झाला नाही यात प्रत्येक वेळी चूक असतेच असं नाही. पण हे समजावून सांगायला तुमचा एकही माणूस पुढं येत नाही, मग दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी आणि लख्ख ऊन यावरचे मीम फिरत राहतात.

पूर्वी या खात्याला शब्दांची जास्त पर्वा होती असं वाटतं कधी कधी. गिल्बर्ट वॉकर म्हणून साहेब होते, शंभर वर्षांपूर्वी या खात्याचे प्रमुख, मूळचे गणितवाले. पॅसिफिकमधल्या हवेच्या दाबाचा आणि आपल्या मान्सूनचा संबंध शोधून काढणारा माणूस. ते मोसमी अंदाजाला फोरकास्ट म्हणण्याऐवजी फोरशॅडोइंग म्हणायचे, कारण फोरकास्टमध्ये जेवढी खात्री ऐकू येते तेवढी आपल्याकडं नाही. आपल्या मराठीत यासाठी किती सुंदर शब्द आहे, चाहूल. चाहूल लागली म्हणजे आलाच असं नाही, पण कान टवकारा. वॉकर निवृत्त झाल्यावर 1928 ला ऑफिस शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. ऑफिस आलं, चाहूल काही आली नाही.

आणि सावधपणाच्या नावाखाली दुसरं एक चालतं तेही सांगून टाकतो, कारण तुम्हाला वाटेल मी नुसतं जपून बोला म्हणतोय. नाही. "शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य मला झोडपणारपेक्षा जास्त खटकतं. कशाची शक्यता नाकारता येते सांगा ना? उद्या धारूरात बर्फ पडण्याचीही काटेकोरपणे नाकारता येत नाही. हे वाक्य एक आण्यालाही चालतं आणि पंधरा आण्यालाही चालतं, म्हणजे त्यात काहीच सांगितलेलं नाही, फक्त लिहिणाऱ्याची कातडी वाचलेली आहे. पडला तर आम्ही म्हटलंच होतं, नाही पडला तर आम्ही कुठं म्हटलं होतं. शास्त्रज्ञसुद्धा घाबरले की याच्याच मागं लपतात. जिथं पंधरा आणे माहीत आहे तिथं छातीठोक पंधरा सांगा. पृथ्वी माणसामुळं तापतेय हे आयपीसीसीनं 2021 च्या रिपोर्टात निःसंशय म्हणून लिहिलं, आणि तुमच्या चर्चेत मात्र दोन बाजू, दोन खुर्च्या, चार आणेवाला आणि सोळा आणेवाला शेजारी शेजारी बसवलेले. आणे कमी असताना वाढवणं आणि जास्त असताना कमी करणं, दोन्ही सारखंच.

तुमची अडचण पण मला दिसते. तुमची स्पर्धा वेधशाळेशी नाहीये, यूट्यूबवरच्या त्या अंदाजवाल्यांशी आहे जे तारखा देतात, 17, 18, 19 ला पडणार म्हणजे पडणार, लिहून घ्या. भेंडवळची घटमांडणी आहे, अक्षय तृतीयेला मांडतात, दुसऱ्या दिवशी घटातली ढेकळं बघून कुठल्या महिन्यात कसा पाऊस ते सांगतात, तुम्ही लाइव्ह दाखवता. पंचांगात मृगाचं वाहन कोल्हा का बेडूक ते आबा अजूनही बघतात, मी चिडवत नाही त्यांना. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे बघा, त्यांच्या अंदाजाला अधिक-उणे नसतं. म्हणूनच ते ऐकायला गोड लागतात. ज्याच्याकडं अधिक-उणे आहे असा एकच आहे, आणि त्याचं अधिक-उणे काढून तुम्ही त्याला बाकीच्यांच्या रांगेत उभं करता. मग लोकांनी फरक कशावरून ओळखायचा?

मला तुमच्याकडून फार नको. हेडिंग मोठंच ठेवा, म्युझिक पण ठेवा बापडे. फक्त पट्टीत एक आकडा टाका. "बीड : उद्या मोठा पाऊस 6 आणे, तोही तुरळक गावांत". आणे नको वाटले, पोरांना कळत नाहीत म्हणालात (माझ्या वर्गात एकीनं विचारलंच, सर एक आणा म्हणजे किती रुपये) तर दहापैकी चार म्हणा, काहीही म्हणा. वेधशाळेचे खाने असेही पाव-पावचे आहेत, चार आण्यांच्या आत, चार ते आठ, आठ ते बारा, बाराच्या वर, तुम्हाला गणितसुद्धा करायचं नाहीये. देशाचा आकडा असेल तर हेडिंगमध्येच "देशात" लिहा. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी चालेल, मागच्या सात दिवसांत आपण काय म्हणालो आणि काय पडलं ते दाखवा. आठ आणे म्हटलेल्या दिवसांपैकी निम्मे कोरडे गेले तर अंदाज बरोबर होता हे लोकांना तेव्हाच कळेल, आणि आठ आणेवाले सगळेच दिवस पडला तर आपण घाबरून आणे कमी सांगतोय हे वेधशाळेला कळेल.

मी माझ्या ग्रुपवर असा हिशोब वहीत ठेवतो, दोन पावसाळे झाले. चार आणे म्हटलेल्या दिवसांपैकी गावात किती वेळा पडला ते तात्या कोळशानं ओट्याच्या भिंतीवर रेघा ओढून मोजतात, माझी वही त्यांना मान्य नाही. मागच्या महिन्यात आमच्या दोघांत तीन रेघांचा फरक आला, कारण एकदा पाऊस वेशीपर्यंत आला आणि तिथूनच वळला, तो धरायचा का नाही यावर अजून मिटलेलं नाही.

आबा मात्र अजून तुमचंच ऐकतात. आता साडेसात झालेत, ते टीव्हीपुढं बसलेत, रिमोट त्यांच्या हातात आहे आणि उद्या खुरपणीला बाया सांगायच्या का नाही हे ठरायचंय. वेधशाळेचं दुपारचं बुलेटिन मी वाचलंय, पाच आणे आहे. तुम्ही किती सांगताय ते बघतो.

कळावे,
धारूर तालुक्यातला एक स्टॅटिस्टिक्सचा मास्तर